कर्मवीरांचा जमाखर्च

आमच्या पेठेत अकरा बायकांनी चालविलेले एक चटणी-मसाल्याचे केंद्र आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याचा हिशेब लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. फावल्या वेळचा उद्योग म्हणून घेतले आणि पुरता गुंतलो. केंद्राची सुरुवात एका घराच्या सोप्यात झाली. मिरच्यांची देठे खुडायची, खोबरे-तीळ भाजायचे, गल्लीतल्या डंकावरून कुटून आणायचे आणि पिशव्या भरायच्या, एवढाच पसारा. पुढे एका कारखान्याच्या कँटीनकडून मोठी मागणी आली. तिच्या भरवशावर बायकांनी कर्ज काढून स्वतःचा डंक घेतला. दीड वर्ष बरे गेले. मग एके दिवशी चार ओळींचे पत्र आले, की पुढच्या महिन्यापासून माल पाठवू नये. कारण दिलेले नव्हते. डंकावर गोणपाट पडले. कर्जाचा हप्ता मात्र चुकला नाही.

माल चांगला, हात राबणारे, नियत स्वच्छ. तरी असल्या संस्था चार पावले चालून मटकन खाली का बसतात, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. बांगलादेशातल्या मुहंमद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला २००६ साली शांततेचे नोबेल मिळाले, त्यानंतर सामाजिक उद्योग हा शब्द आपल्याकडेही बराच रुळला. त्यावर परिसंवाद होतात, तक्ते काढले जातात. मी त्यातल्या दोन-तीन परिसंवादांना जाऊन बसलो. चहा उत्तम होता. घरी आलो आणि फळीवरचे कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र खाली काढले.

हे चरित्र आपण सगळ्यांनीच शाळेत असताना वाचलेले असते. पांढरी दाढी, अंगावर घोंगडी, अनवाणी पाय, हे चित्र डोळ्यांत असते आणि त्यागाची एक-दोन उदाहरणे पाठ असतात. हिशेबनिसाच्या नजरेने मात्र मी ते पहिल्यांदाच वाचले. पैसा कुठून आला, कुणी अडवला, तुटवडा कुणाच्या अंगावर पडला, एवढेच पाहत गेलो. ते वाचताना ओळखीचा माणूस अनोळखी वाटू लागला, आणि मग पूर्वीपेक्षा जवळचा.

भाऊराव आपल्या कोल्हापूरचे. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणे जैन, वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून. वडिलांच्या बदल्यांमागे फिरत शिक्षण झाले आणि इंग्रजी शिकायला मुलगा १९०२ च्या सुमारास कोल्हापुरात आला. राजाराम हायस्कुलात नाव घातले, राहायला जैन बोर्डिंग.

त्या वेळचे कोल्हापूर डोळ्यांपुढे आणायचे असेल तर दसरा चौकात उभे राहावे. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि सभोवती बोर्डिंगांच्या इमारती. मराठा आणि जैन बोर्डिंग १९०१ ची, मुसलमान मुलांसाठीचे १९०६ चे, लिंगायतांचे त्यानंतरचे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर राहण्या-जेवण्याची सोय लागते, ती केल्याशिवाय शाळा काढून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. त्यांनी जागा दिल्या, इमारतींना पैसा दिला, कायमचे उत्पन्न लावून दिले आणि कारभार ज्या-त्या समाजाच्या हाती सोपविला. एका पंगतीला सगळ्यांना बसवणे त्या काळात जमले नसते. मुले आलीच नसती. म्हणून प्रत्येक जातीला वेगळे छप्पर. ही तडजोड होती आणि महाराजांना ती तडजोड आहे हे ठाऊक होते, असे मला वाटते. गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा महारानं केलेला चहा प्यायला गावातले कुणी जाईना. महाराजांनी तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घ्यायला सुरुवात केली, बरोबरच्यांना घ्यायला लावला आणि हॉटेल चालले. ही गोष्ट कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत आहे. दुकानात माल आहे, भांडवल आहे, पण समाजच गिऱ्हाईक व्हायला तयार नाही, ही अडचण एका राजाने एका कपाने सोडविली. राजा नसलेल्या माणसाने ती कशी सोडवायची?

भाऊरावांचे पहिले भांडण तिथेच झाले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. जैन बोर्डिंग तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्या देखरेखीखाली होते. नियम मोडणाऱ्या मुलाला बाहेर जावे लागले. राजवाड्याने आसरा दिला, महाराजांच्या सहवासात तालीम आणि कुस्ती झाली. अभ्यास मात्र मॅट्रिकपर्यंतही पोचला नाही. पुढे ज्याच्या नावाने शेकडो शाळा निघाल्या त्या माणसाचे शिक्षण इथे संपले.

१९१४ सालचे डांबर प्रकरण पुष्कळांना नुसते नावाने ठाऊक असते. कोल्हापुरात एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्यावर सूड उगवायची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यापायी तुरुंग भोगला, छळ सोसला. हा तुरुंग शाहू महाराजांच्याच संस्थानातला, हे विसरता येत नाही. आणि पुढे आपल्या वसतिगृहाला भाऊरावांनी शाहू महाराजांचेच नाव दिले, हेही नाही. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले आणि शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. माणसांची नाती सरळ रेषेत बसत नाहीत.

सुटल्यावर भाऊराव विक्रेते झाले. हा त्यांच्या आयुष्यातला भाग शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आधी ओगल्यांच्या काच कारखान्याचे काम केले, मग किर्लोस्करांचे नांगर विकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, पण लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. वस्तू चांगली असली म्हणून ती खपत नाही. बांधावर जाऊन नांगर चालवून दाखवावा लागतो, गावच्या पाटलाला पटवावे लागते, सुगी होईपर्यंत पैशासाठी थांबावे लागते. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खेड्यांत भाऊराव कित्येक वर्षे हेच करीत हिंडले. कोणत्या गावात कोण शब्दाला जागतो, कुणाच्या घरी ज्वारीचे पेव भरलेले आहे, कुठे दोन भावक्यांचे वैर आहे, कुठला हुशार पोरगा गुरे राखतो आहे, हे त्यांना पायांनी कळले. पुढे संस्था काढताना त्यांच्याजवळ रोकड नव्हती, पण ही माहिती होती. बँकेत असताना आम्ही कर्ज मागणाऱ्याच्या तारणाची चौकशी करायचो. असले तारण लिहायला आमच्या अर्जात रकानाच नव्हता.

संस्था काढण्याचा नाद तसा आधीपासूनचा. १९१० साली दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. पैसा कुठून आणायचा याचे उत्तर त्या वेळी भाऊरावांनी एखाद्या आजच्या तरुण उद्योजकाने द्यावे तसे दिले. कारखान्यातून! साताऱ्यात धनजीशहा कूपर या पारशी गृहस्थांच्या साथीने नांगराचा आणि शेतीच्या अवजारांचा कारखाना उभा करायचा, भाऊरावांनी आपला अनुभव आणि ओळखी घालायच्या, आणि नफ्यातला ठरावीक वाटा रयत शिक्षण संस्थेला मिळायचा. कारखाना १९२२ च्या सुमारास उभा राहिला आणि चाललाही. नफ्यातल्या वाट्याचा शब्द मात्र पाळला गेला नाही, असे भाऊरावांचे चरित्रकार लिहितात. भाऊराव तडकले आणि हात झटकून बाहेर पडले. हे कूपर पुढे सर झाले आणि १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधानही होते.

या प्रसंगापाशी मी बराच वेळ थांबलो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. भाऊरावांनी कायदा नसताना, तोंडी भरवशावर तेच मागितले होते. शब्द फिरला तर दाद कुठे मागायची याची सोय त्यांनी केली नव्हती. राग मोठा होता, पण कागद नव्हता. मला आमच्या केंद्राची आठवण झाली. कँटीनच्या मागणीचा आमच्याकडे तरी कुठे लेखी करार होता? आणि असता तरी ज्याच्या एकट्याच्या मर्जीवर आपला सगळा खप, त्याच्याशी अकरा बायका भांडणार कशा? एकाच्या खिशातून येणारा पैसा मोजायला सोपा असतो, आणि तोच एका दिवसात थांबतो.

१९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. इथे भाऊरावांनी कोल्हापूरची तडजोड बाजूला ठेवली. मराठा, महार, मांग, चांभार, जैन, मुसलमान, सगळी मुले एका छपराखाली, एका चुलीवरचे अन्न खाणार. याची किंमत लगेच मोजावी लागली. कुणा दात्याला आपल्या जातीच्या मुलांपुरतेच दान द्यायचे असे, कुणा पालकाला पंगत खटके. जातीचे बोर्डिंग काढले असते तर जातीचा पैसा आला असता. सगळ्यांचे म्हटल्यावर ते कुणाचेच राहिले नाही. समाजाच्या कामाला पैसा का मिळत नाही याचे हे कारण परिसंवादातल्या तक्त्यांवर मला कुठे दिसले नाही. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. त्या दिवशी मोठी गर्दी झाली असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठाची चिंता.

पिठाची चिंता कोण करीत होते? लक्ष्मीबाई. कुंभोजच्याच माहेरच्या, चांगल्या खात्यापित्या घरातल्या, जैन आचारविचारात वाढलेल्या. सोवळेओवळे त्यांच्या हाडीमाशी मुरलेले होते आणि नवऱ्याने घरात सगळ्या जातींची पोरे आणून बसवलेली. त्यांना हे एका रात्रीत पटले असे मानायचे कारण नाही. पण त्या त्याच मुलांच्या आई झाल्या, दुखणीखुपणी काढू लागल्या. धान्य संपले की एकेक दागिना बाहेर जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. हा प्रसंग भाषणांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की आता तो ऐकताना आपण आपोआप मान डोलावतो. मला या वेळी मान डोलावता आली नाही. संस्थेच्या जमेत मुलांचे जेवण दिसते, दात्यांच्या देणग्या दिसतात. त्या सोन्याची नोंद कुठल्या खात्यावर झाली? ते कर्ज होते, देणगी होती की भाग भांडवल? भांडवलाचा तुटवडा एका बाईच्या अंगावरून उतरवून घेतला गेला, आणि तिला विचारून घेतला की नुसता घेतला, हे चरित्रात शोधूनही मला नीट सापडले नाही. १९३० साली त्या गेल्या. आज त्यांना रयतमाउली म्हणतात. संबोधन मोठे आहे. हिशेब त्याने पुरा होत नाही.

भाऊरावांचा हा दोष म्हणायचा का? मी म्हणतो. माणूस मोठा म्हणून त्याच्या घरच्यांचे हाल मोठे होत नाहीत, ते हालच असतात. पण त्यांनी स्वतःला वेगळे ठेवले नाही, एवढे न्यायाने सांगितले पाहिजे. संस्थेतून स्वतःसाठी इस्टेट केली नाही. आणि लक्ष्मीबाईंच्या मागे त्यांचे मार्ग हळूहळू बदलत गेले असे दिसते. एका मोठ्या हाताकडून पैसा घ्यायचा यावर आता त्यांचा भर राहिला नाही. ते हजारो लहान हातांकडे वळले.

ज्याने नांगर विकताना खेडी पाहिली होती त्याला ठाऊक होते, की शेतकऱ्याकडे रोकड नसली तरी इतर पुष्कळ काही असते. सुगीला पायली-दोन पायली धान्य असते. गावाबाहेर पडीक माळ असतो. देवळाची ओवरी रिकामी असते. बैलगाडी असते, दगड असतात, हात असतात. भाऊरावांनी हे सगळे मागितले. मुलांनाही फुकट ठेवले नाही. मुलांनी माळ फोडावा, विहीर खणावी, भाजी पिकवावी, इमारतीला दगड वाहावा आणि त्या कष्टावर शिकावे, ही कमवा आणि शिका योजना. श्रमाला प्रतिष्ठा वगैरे तिच्यामागचा विचार होताच. पण त्याआधी ती तुटीच्या अंदाजपत्रकाची गरज होती. १९३५ साली संस्था रीतसर नोंदली गेली. त्याच वर्षी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारे विद्यालय निघाले. त्याला पंचम जॉर्ज बादशहाच्या रौप्यमहोत्सवाचे नाव दिले होते. १९४० साली कमवा आणि शिका तत्त्वावरचे हायस्कूल निघाले, त्याला महाराजा सयाजीरावांचे नाव. नावे कुणाची द्यावीत याबाबत भाऊराव सोवळे नव्हते. नावाने दार उघडत असेल तर उघडू द्यावे!

शिक्षक तयार होऊ लागल्यावर शाळा काढणे सोपे झाले. १९३८ पासून जिथे सरकारी शाळा पोचत नव्हती अशा डोंगरकपारीच्या गावांत व्हॉलंटरी शाळा निघत गेल्या. पहिली साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला. गावाने जागा द्यायची, मास्तराच्या भाकरीची सोय करायची, सरकारने थोडेफार अनुदान द्यायचे. दहा-अकरा वर्षांत या शाळांची संख्या पाचशेंच्या वर गेली. हा आकडा वाचून मी चष्मा पुसला. एवढा विस्तार आज कुठल्या कंपनीने केला तर तिच्यावर पुस्तके निघतील. या शाळांतल्या मास्तरांचा पगार मात्र अगदी तुटपुंजा होता. वाढीचा भार इथेही कुणीतरी अंगावर घेतच होते. सोन्याऐवजी आता मास्तरांची उमेद खर्ची पडत होती.

आणि मग १९४८ साल आले. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-कोल्हापूर भागात जाळपोळ झाली, ब्राह्मणांची घरे जळली. त्यानंतरच्या सरकारी धोरणावर भाऊरावांनी भाषणांतून उघड टीका केली. बाळासाहेब खेरांच्या सरकारने रयतचे अनुदान बंद केले. भाषण एका माणसाचे, आणि शिक्षा हजारो मुलांना. भाऊरावांच्या जिभेवर थोडा लगाम हवा होता असे तेव्हाही काही जण म्हणाले असतील, मलाही क्षणभर तसे वाटले. पण ज्याला खायला घालणाऱ्याविरुद्ध बोलायची मुभा नाही, त्याने स्वतंत्र संस्था काढलीच कशाला? भाऊराव साठी उलटलेले, प्रकृती खालावलेली. ते पुन्हा नांगर विकायच्या दिवसांतल्यासारखे गावोगाव निघाले. लोकांनी रुपया दिला, धान्य दिले, मुलांनी आपल्या परीने पैसा उभा केला, शिक्षकांनी पगाराविना दिवस काढले. संस्था बंद पडली नाही. पुढे गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान परत सुरू झाले. एका निरक्षर कीर्तनकाराचा शब्द मंत्रालयात चालला, कारण त्याच्यामागे कोण उभे आहे हे मुख्यमंत्र्यांना माहीत होते.

कूपर प्रकरणाची आणि या प्रकरणाची मी मनाशी तुलना करून पाहिली. १९२२ च्या आसपास एका माणसाने वाटा नाकारला आणि संस्थेला वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी घरातले सोने विकावे लागले. १९४८ साली खुद्द सरकारने हात आखडता घेतला आणि संस्था तगली. मधल्या पंचवीस वर्षांत भाऊरावांनी पायली-पायलीने जे गोळा केले होते त्याचा हा फरक. त्या धान्याची किंमत रुपयांत काढली तर अनुदानापुढे ती फार भरणार नाही. पण ज्याने पायलीभर ज्वारी दिली तो शाळा बंद पडू देत नाही, ती त्याची असते. हे काम किचकट आहे, पावत्या फाडून बोटे दुखतात, माझ्यासारख्या हिशेबनिसाला तर ते मुळीच आवडण्यासारखे नाही.

तरी गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. व्हॉलंटरी शाळा पुढे शाळा मंडळांच्या ताब्यात गेल्या. माध्यमिक शाळा आणि महाविद्यालये वाढली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे, कऱ्हाडचे गाडगे महाराजांच्या नावाचे १९५४ चे. त्यांतल्या पगारांचा भार सरकारी अनुदानावर येत गेला, आणि तो इतक्या मोठ्या कामाला लोकांच्या पायलीतून कधीच पेलला नसता. आज रयतच्या शाखा सातशेंच्या आसपास आहेत. सगळ्या महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांसारखेच तिथेही शिक्षकांच्या मान्यता आणि वेतनाची बिले यांच्यासाठी सरकारच्या दाराकडे डोळे लावावे लागतात. पुढे वाढायचे तर मोठा हात धरावा लागतो आणि धरला की तो कधी सुटेल याची धास्ती. भाऊरावांनी हा पेच सोडविला असे मी म्हणणार नाही. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी भोगला.

१९५९ साल त्यांच्या गौरवाचे ठरले. सरकारने पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने एप्रिलमध्ये डी.लिट. दिली, मॅट्रिकही न झालेल्या माणसाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कोल्हापूरने त्यांना एकदा बोर्डिंगबाहेर घातले होते आणि एकदा तुरुंगात. त्यांच्या शाहू बोर्डिंगात वाढलेला एक गरीब मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. ते पी. जी. पाटील १९७० च्या दशकात आपल्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच विद्यापीठाच्या आवारात कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांचे वसतिगृह आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळी तिकडे फिरायला गेलो होतो. मुलाखतीबिलाखती घेतल्या नाहीत. एक मुलगा पाइप धरून झाडांना पाणी घालीत होता, त्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेली कसलीशी प्रश्नपत्रिका होती. थोडा वेळ उभा राहिलो आणि परतलो.

केंद्राच्या बायकांना मी हे सगळे सांगितले. लक्ष्मीबाईंचा भाग ऐकताना दोघी-तिघी गप्प बसल्या. त्यांतल्या एकीने कँटीनची मागणी गेली त्या महिन्यात डंकाचा हप्ता भरायला कानातले गहाण ठेवले होते, ते मला त्या दिवशी कळले. वहीत त्याची नोंद नव्हती. तिने सांगितले नव्हते आणि मीही, हप्ता वेळेवर कसा भरला गेला, हे विचारले नव्हते. पैसे आले, पावती मिळाली, मी ती चिकटवली.

आता कँटीनसारख्या एका गिऱ्हाइकाला एकूण मालाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त द्यायचे नाही, असे बायकांनी ठरविले आहे. बाकीचा माल पाव-पाव किलोने घरोघर जातो. पेठेतली आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतली मिळून नव्वद घरे झाली. वसुली डोकेदुखीची आहे. कुणी सुटे नाहीत म्हणते, कुणी पगार झाल्यावर देते. गोणपाट काढून डंक आठवड्यातून तीन दिवस चालतो, उरलेले दिवस गल्लीतल्यांचा मसाला कुटून देतो. मी वहीत दोन नवे रकाने आखले आहेत. एकात कुणी घरातून काय घातले ते, मग रोकड असो, दागिना असो की गॅसची टाकी. दुसऱ्यात बिनपगारी राबलेले तास. पहिल्या महिन्याची बेरीज शनिवारी रात्री केली. अकरा जणींचे मिळून चारशे बारा तास भरले. बेरीज चुकली असेल म्हणून मी ती पुन्हा केली.